उल्का आणि पाचवा 'का'

पडदा वर जातो. रविवार, सकाळचे साडेनऊ. डाव्या विंगेत तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या. उजव्या विंगेत नारळाची झाडं असलेलं एक चिमुकलं बेट. मधोमध हिरवट पाणी आणि त्यावर जागोजागी रंगाचे पोपडे उडालेली एक पांढरी बोट. बोटीच्या मागच्या फळीवर एक बाई पाण्यात पाय सोडून बसली आहे. अंगात काळा रबरी पोशाख, पाठीवर हवेचं नळकांडं, वय चौपन्न. शेजारी पाच लिटरचा स्टीलचा थर्मास. त्याच्यावर लाल रंगात मराठीत लिहिलं आहे : 'आलं घातलेला. साखर कमी.'

ही उल्का नेरूरकर. समोरचं बेट पुलाव हांतू, म्हणजे भुतांचं बेट. पण उल्काला आज भुतांची चिंता नाही. पाण्याखाली एक म्हातारी राहते, ती आज घरी आहे की नाही, यावर उल्काचे पुढचे सगळे रविवार अवलंबून आहेत.

ती म्हातारी म्हणजे एक मासा आहे. सगळं पहिल्यापासून सांगते.

उल्का सिंगापुरात क्वीन्सटाउनला आमच्याच मजल्यावर, माझ्या मुलाच्या घरापासून दोन दारं सोडून राहते. बावीस वर्षांपूर्वी पार्ल्याहून आली. तुआसला जहाजं दुरुस्त करायचा एक कारखाना आहे, तिथे ती सेफ्टी ऑफिसर आहे. पहाटे कंपनीच्या बसने जाते आणि दिवसभर तगड्या तगड्या पुरुषांना 'हेल्मेट घाला, पट्टा बांधा, खाली बघा' असं सांगत हिंडते. तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मनात म्हटलं, ही बाई माझ्या तरुणपणी नाटक कंपनीत असती तर मायक्रोफोनचं भाडं वाचलं असतं.

पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिला पोहता येत नव्हतं. मुलगी जाई तेव्हा शाळेत होती. तिला पोहायला घेऊन जायचं, तलावाच्या काठावर टॉवेल हातात धरून बसायचं, एवढंच उल्काचं काम. एक दिवस तिने तो टॉवेल खाली ठेवला आणि पाण्यात उतरली. तीन वर्षांत ती समुद्राच्या तळाशी पोचली. मी विचारलं, "अगं, एवढं काय आहे खाली?"

म्हणाली, "मावशी, खाली कोणी बोलत नाही. मलाही बोलता येत नाही. आठवड्यातला तेवढाच तास मी कोणाला काही सांगत नाही."

हांतूचं पाणी काही सिनेमातल्यासारखं निळंशार नाही. आपल्याच हाताची बोटं स्पष्ट दिसली तर दिवस चांगला म्हणायचा. पण त्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहेत, समुद्रघोडे आहेत, बोटभर लांबीचे रंगीत जीव आहेत. ते सगळे उल्काला पत्त्यासकट माहीत. बावीस वर्षांत तिने चार घरं बदलली, शेजारी बदलले, बसचे नंबर बदलले. "या देशात माझ्या ओळखीची अशी एकच गल्ली आहे," ती म्हणायची, "आणि ती पाण्याखाली आहे."

ही गल्ली तिला दाखवली कोह अंकलनी. बोट त्यांची. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काडी, डोक्यावर कायम एकच टोपी. दर रविवारी ते हौशी लोकांना हांतूला नेतात आणि नवशिक्यांना सांभाळायला उल्कासारखे चार-पाच जुने हात असतात. बोटीवर नियम एकच : खाली गेल्यावर हाताची घडी. कशालाही हात लावायचा नाही.

आता माशाकडे येते. दोन हजार चौदा साली उल्काने पंधरा दिवस रजा काढली, तीन विमानं बदलली आणि पृथ्वीच्या पार पलीकडे, होंडुरासजवळच्या एका बेटावर गेली. तिथल्या समुद्रात लायनफिश नावाच्या माशाने उच्छाद मांडला आहे. दिसायला देखणा. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पंख असे पसरलेले की भरजरी शालू नेसून आलेली नायिकाच. पण पाठीवर तेरा विषारी काटे, आणि पोटाखाली आणखी पाच. तो मूळचा तिथला नाही. कोणी म्हणे घरच्या काचेच्या टाकीतले मासे समुद्रात सोडले आणि त्यांचा संसार वाढला. तिथल्या छोट्या माशांना तो शत्रू आहे हे ओळखताच येत नाही. मोठ्यांना त्याला खायचं कसं ते कळत नाही. मग पाणबुडेच भाले घेऊन उतरतात, त्याला मारतात आणि तळून खातात. उल्का रीतसर शिकून, परवाना काढून त्यांच्यात सामील झाली. दहा दिवसांत तिने एकशे सहा मासे मारले आणि तिथल्या स्वयंपाकघरात नारळ वाटून त्यांचं तिरफळ घातलेलं कालवण केलं. तिरफळं तिने घरून नेली होती. मालवणी बाई भाला विसरेल, तिरफळ विसरणार नाही.

दोन हजार सोळाच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाने तिला सांगितलं, यावर बोला. ती घाबरली. जहाजावर दोनशे माणसांना दरडावणारी बाई व्यासपीठाच्या कल्पनेने गार पडली आणि भाषणाचे कागद घेऊन माझ्याकडे आली.

माझे हात शिवशिवलेच. किती वर्षांनी कोणीतरी तालमीला उभं राहत होतं. मी म्हटलं, "हे काय, बातम्या वाचतेस? खलनायक असा उभा कर की पहिल्या रांगेतल्या बाईने पर्स घट्ट धरली पाहिजे. 'तो येतो' म्हण आणि थांब. मनात तीन मोज. मग म्हण, 'आणि मागे काहीही उरत नाही.'"

आठ दिवस आम्ही माझ्या स्वयंपाकघरात तालमी केल्या. काही वाक्यं मी वाढवली, काही कापली. शेवटी तिने दाखवायचं होतं की भाल्याचा धोका दिसला की तो मासा पळत नाही, पाठ फिरवतो आणि काटे रोखून तसाच बसून राहतो. तिने मंचावर गर्रकन पाठ फिरवली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या बाईने खरंच पर्स घट्ट धरली. मग टाळ्या. मी मागच्या रांगेत बसून रडले. माझ्या एंट्रीला पडल्या नव्हत्या कधी तशा टाळ्या.

त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत सुबोध होता. सुबोध कोथरूडचा, आयटीत मॅनेजर, जुरोंग ईस्टला कॉन्डोत राहतो. नुकताच डायव्हिंग शिकलेला. माणूस सोन्यासारखा, पण उत्साह असा की पंगतीत वाढायला उभा राहिला तर पान उचलून नेईल. तो उल्काला म्हणाला, "ताई, मी आता तुमच्या सैन्यात." उल्काला वाटलं, कौतुक करतोय.

पंधरा दिवसांनी रविवारी तो तिच्याच गटात हांतूला उतरला. पुढचा प्रवेश मी पाहिलेला नाही. तिघांकडून तीन तऱ्हांनी ऐकला आहे, त्यातला समान भाग सांगते.

हांतूच्या उतारावर एका खडकाला भेग आहे. तिच्यात एक लायनफिश राहते. कोह अंकल तिला गेली कित्येक वर्षं ओळखतात. तिचं नाव त्यांनी ठेवलंय आ-मा, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. आजी दिसली की अंकल टोपीला हात लावतात, पाण्याखाली टोपी नसते तरी. सुबोधला यातलं काही माहीत नव्हतं. उल्का दुसऱ्या नवशिक्याचा पट्टा घट्ट करत होती, आणि सुबोधला समोर दिसला गणपतीतला खलनायक!

त्याने खिशातून चिमटा काढला. पापड भाजायचा चिमटा. बायकोचा, अनुयाचा. तो त्याने घरूनच, न विचारता, खास या कामासाठी आणला होता.

आजीने पाठ फिरवली. सुबोधने चिमटा पुढे केला. पुढच्या क्षणी चिमटा तळाशी, आजी अंधारात, आणि सुबोधच्या अंगठ्यात काटा.

त्याला वर आणलं तेव्हा तो ओरडतही नव्हता, नुसता पांढरा पडला होता. त्या विषावर पहिला उपाय म्हणजे सोसवेल इतकं गरम पाणी. आणि बोटीवरची किटली नेमकी त्या दिवशी बिघडलेली. उल्काने एक क्षण इकडेतिकडे पाहिलं आणि थर्मास उघडला. बादलीत चहा ओतला, आपला कोपर बुडवून पाहिला, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसा, आणि सुबोधचा हात मनगटापर्यंत आत घातला.

"ताई, चहा आहे हा," सुबोध कण्हत म्हणाला.

"आलं आहे त्यात. गप्प बस."

"दूधपण आहे."

"सुबोध, तू पापडाचा चिमटा घेऊन समुद्रात उतरलास. तू दुधाबद्दल बोलू नकोस."

किनाऱ्यावर आल्यावर डॉक्टरांनी पाहिलं. आधी हाताला येणाऱ्या वासाबद्दल विचारलं, मग सांगितलं की केलं ते योग्य केलं. दोन दिवसांत सूज उतरली. पण त्या दिवशी बोट धक्क्याला लागल्यावर कोह अंकलनी टोपी काढली. ती काढलेली उल्काने सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिली.

"तू आणलेला माणूस, उल्का. त्याचा हात म्हणजे तुझा हात," ते म्हणाले. "आ-मा घर सोडून गेली. ती परत आली की तू परत ये."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उल्का एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आली. डोळे सुजलेले, आवाज मात्र सेफ्टी ऑफिसरचा.

"मावशी, बसा."

"घर माझं आहे. तू बस."

"आमच्याकडे अपघात झाला की पाच वेळा 'का' विचारायचं असतं. माणसाला दोष देऊन थांबायचं नाही. मूळ सापडेपर्यंत खणायचं. आणि ज्याच्यापाशी मूळ सापडेल, दुरुस्ती त्याने करायची." तिने कागद टेबलावर सरळ केला. "पहिला का. सुबोधला काटा का लागला? हात पुढे केला म्हणून. दुसरा. हात का पुढे केला? मासा शत्रू वाटला म्हणून. तिसरा. शत्रू का वाटला? गणपतीत मी तसं सांगितलं म्हणून."

"अगं, पण तू तिकडच्या समुद्राबद्दल सांगितलंस."

"चौथा का. त्याला फक्त तिकडचं का कळलं? कारण माझ्या कागदावर शेवटी एक वाक्य होतं. 'हा मासा मूळचा आपल्या या समुद्रातला आहे, इथे तो कोणाचं काही बिघडवत नाही.' ते मी बोललेच नाही."

मी चहाचं आधण ठेवायला उठले.

"मावशी, पाचवा का राहिलाय."

मी पातेल्यात बघत राहिले. आठवलं होतं मला. लाल पेन्सिलीने मीच त्या वाक्यावर काट मारली होती. 'शेवटी खलनायकाला चांगलं म्हटलंस तर टाळी पडत नाही,' हे माझे शब्द. साठ वर्षं रंगमंचावर काढली, पण माझ्या एका काटेने खरोखरच्या समुद्रातली एक आजी बेघर होईल, असं कधी वाटलं नव्हतं.

"लिही," मी म्हटलं. "माझं नाव लिही. पूर्ण लिही, नाटकाच्या पोस्टरवर लिहायचे तसं. आणि दुरुस्तीच्या रकान्यात लिही, दसरा."

दसऱ्याच्या आठवड्यातल्या शनिवारी मंडळाचं सोनं वाटायचं संमेलन असतं. इथे आपट्याची पानं कुठली मिळायला! मुलं सोनेरी कागदाची कापतात. मी अध्यक्षांकडे पंधरा मिनिटं मागितली आणि सुबोधला फोन लावला.

"सुबोध, तुला भूमिका आहे."

"कसली, मावशी?"

"आजीची."

"मी? मावशी, मी गुन्हेगार आहे!"

"म्हणूनच."

खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेलं मांस विकणारा एक भला मलय माणूस आहे. त्याच्याकडून बांबूच्या काड्या आणल्या, मोजून तेरा, आणि सुबोधच्या पाठीवर पुठ्ठ्याला टोचून बसवल्या. माझं जुनं तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं लुगडं त्याला नेसवलं. नेसवताना तो म्हणाला, "मावशी, जरा सैल." मी म्हटलं, "माशाला तक्रार करता येत नाही."

उल्काने कोह अंकलना बोलावलं होतं. येतील असं तिला वाटत नव्हतं. ते आले. पहिल्या रांगेत, टोपीसकट. दारात एका चिमुरडीने त्यांच्या हातात सोनेरी पान ठेवलं.

"हे काय?" त्यांनी जाईला विचारलं. आता कॉलेजात गेलेली जाई भाषांतर करायला त्यांच्या शेजारी बसली होती.

"सोनं, अंकल."

"कागद आहे."

"यू जस्ट प्रिटेंड, लाह." इथल्या पोरांसारखं जाईही वाक्याला 'लाह'चं शेपूट लावते.

"ओके लाह," म्हणून त्यांनी ते शर्टाच्या खिशात जपून ठेवलं.

उल्का मंचावर आली. कागद नाही, थांबे नाहीत, मी शिकवलेलं काहीही नाही. जहाजावर बोलते तशी बोलली. म्हणाली, "गणपतीत मी तुम्हाला अर्धी गोष्ट सांगितली. आज आपण दसरा साजरा करतोय, सीमा ओलांडायचा दिवस. या माशाला कोणीतरी सीमेपार नेऊन टाकलं. तिथे त्याला कोणी ओळखत नाही, म्हणून तो माजला. तिथे मी त्याला मारते, पुन्हा जाईन आणि पुन्हा मारेन. पण इथे त्याचं घर आहे. इथे त्याला खाणारे आहेत, त्याच्यापासून पळणारे आहेत. इथे उपरे असलो तर आपण आहोत. आणि पाहुण्याने यजमानाच्या आजीला चिमटा दाखवायचा नसतो."

एवढ्यात सुबोधची एंट्री. लुगड्याचा बोंगा, पाठीवर काड्या, चालणं माझ्याकडून आठ दिवस घोटून घेतलेलं. हॉल कोसळला. त्याने चिमट्याचा प्रसंग स्वतःच करून दाखवला, एकदा आजी होऊन, एकदा सुबोध होऊन. चहाच्या बादलीपर्यंत आला तेव्हा जाईला हसण्यामुळे भाषांतर करवेना. गरज नव्हती. कोह अंकल गुडघ्यावर थापा मारत होते आणि टोपी खाली पडली होती. शेवटी सुबोधने प्रेक्षकांकडे पाठ फिरवली, काटे रोखले आणि मी कापलेलं ते वाक्य खड्या आवाजात म्हटलं. मला सांगायला आवडेल की त्या वाक्याला टाळी पडली. नाही पडली. लोक नुसते शांत बसून राहिले. मला वाटतं, ते बरं झालं.

कार्यक्रम संपल्यावर अंकल उल्काजवळ आले. "अजून आली नाही ती," ते म्हणाले. "तीन आठवडे रोज बघतोय."

उल्काने मान हलवली.

"उद्या साडेआठ," अंकल म्हणाले. "तू बघ. तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. नाही दिसली, तर माझा शब्द तोच." मग सुबोधच्या पाठीवरची एक काडी त्यांनी बोटाने हळूच वाजवली. "हिलाही आण. हाताची घडी घालून."

आणि म्हणून आता आपण पुन्हा त्या बोटीवर आहोत. मीही आहे, छत्री, टोपी आणि उलटीच्या गोळीसह. पाचव्या 'का'ला हजर राहणं भागच होतं. सुबोध पोशाख घालून बाकावर बसलाय, दोन्ही हात काखेत घट्ट. अंकल सुकाणूपाशी उभे आहेत, खिशातून सोनेरी पानाचं टोक डोकावतंय.

उल्का एकदा माझ्याकडे बघून हसते. विंगेत तिसऱ्या घंटेनंतर नट हसतो तशी. मग पाण्यात जाते. सुबोध तिच्या मागे.

चाळीस मिनिटं. पाण्यावर नुसते बुडबुडे. अंकलनी दोरी गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मी माझ्या आयुष्यातले सगळे पाठ असलेले प्रवेश मनात म्हणून घेतले. बुडबुडे एका जागी थांबले. फार वेळ तिथेच राहिले. मग हळूहळू बोटीकडे यायला लागले.

आधी पाण्याबाहेर आला एक हात, आणि हातात चिखलाने माखलेला पापडाचा चिमटा. तो ठण्णकन फळीवर पडला. मग सुबोधचं डोकं वर आलं, हाताची घडी अजून तशीच, त्यामुळे त्याला पोहता येत नव्हतं. मग त्या चिमटेवाल्या हाताची मालकीण, उल्का. अंकलनी काही विचारलं नाही, फक्त टोपीला हात लावून तिच्याकडे पाहिलं. तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून त्यांना खूण केली. सत्तरीचे अंकल सुकाणू सोडून फळीकडे धावले.

मला खुणा कळत नाहीत. मी कठड्यावरून वाकून ओरडले, "अगं, तोंडाने सांग! आहे का?"

तिने तोंडातली नळी काढली.

"आहे, मावशी! घरीच आहे! पण अजून रुसलीय, मला बघून पाठ फिरवून बसली. चहा ओता, आज प्यायचाय!"